ध्वनीचा मोठेपणा : मापन आणि प्रतीती

कुजबुजणे, पुटपुटणे, गुणगुणणे, बोलणे, हाक मारणे, ओरडणे, किंचाळणे या क्रियापदांनी मराठी भाषेने आवाजाच्या लहानमोठेपणाची एक शिडीच तयार करून ठेवली आहे. ही शिडी लावण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्यात वाणीची सात स्थाने सांगितली आहेत : उपांशु, ध्वान, निमद, उपब्दिमत्, मंद्र, मध्यम आणि तार. उच्चारणाची सर्व क्रिया घडते पण ध्वनी ऐकू येत नाही, ते उपांशु. तेथपासून निघून उरातील मंद्र, कंठातील मध्यम आणि मस्तकातील तार येथपर्यंत हा क्रम जातो. या मालिकेच्या पहिल्या टोकाशी आवाजाचा मोठेपणा मोजला जातो, तर शेवटच्या टोकाशी त्याची उंचीही त्यात मिसळते. आजची आपली बोलीही त्याच संमिश्रतेत वावरते. ‘त्याचा आवाज चढला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो मोठा झाला की वरच्या पट्टीत गेला, हे सांगण्याची गरज आपल्याला भासत नाही.

व्यवहारात ही संदिग्धता खपून जाते. परंतु उत्सवातील ध्वनिवर्धकाविषयी तक्रार नोंदवायची असेल, कारखान्यातील कामगाराचे कान वाचवायचे असतील किंवा कमी ऐकू येणाऱ्या वृद्धासाठी यंत्र निवडायचे असेल, तर ‘मोठा आवाज’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे उत्तर भौतिकशास्त्र एका भाषेत देते आणि कान दुसऱ्या भाषेत. या दोन भाषांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीव्रता आणि मोठेपणा

संगीतशास्त्रावरील मराठी व हिंदी ग्रंथांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : उच्चनीचता, जाती आणि लहानमोठेपणा. उच्चनीचता, म्हणजेच तारता, ही मुख्यतः दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर, अर्थात कंप्रतेवर अवलंबून असते. जातीमुळे सतारीचा षड्ज आणि सनईचा षड्ज यांत आपण भेद करतो. लहानमोठेपणा हा तिसरा गुण होय. तो कंपनाच्या जोरावर अवलंबून असतो, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान खोटे नाही, परंतु अपुरे आहे.

म्हणून येथे दोन शब्दांत काटेकोर भेद करू. हवेतून वाहणाऱ्या ध्वनीची ऊर्जा दर सेकंदाला एक चौरस मीटर क्षेत्रातून किती जाते, हे सांगणारी राशी म्हणजे ‘तीव्रता’. ती यंत्राने मोजता येते आणि ऐकणारा कोणी नसला तरी तिचे अस्तित्व राहते. ‘मोठेपणा’ ही मात्र संवेदना आहे. ती ऐकणाऱ्याच्या मनात उद्भवते. तिला श्रोता लागतो. एक कारण आहे, दुसरा परिणाम. पण कारण दुप्पट झाले म्हणजे परिणामही दुप्पट होतो असे नाही, आणि सर्व अडचणी येथूनच सुरू होतात.

डेसिबेलचे गणित

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारा अत्यल्प चढउतार. वातावरणाचा दाब सुमारे १ लाख पास्कल असतो. निरोगी तरुण कानाला दर सेकंदाला १,००० कंपनांचा जो अगदी सूक्ष्म स्वर जेमतेम ऐकू येतो, त्यातील दाबाचा चढउतार सुमारे २० मायक्रोपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे ५०० कोटींवा भाग असतो. या वेळी कानाच्या पडद्याचे हलणे एका अणूच्या व्यासाहूनही लहान असते. याउलट, ज्या आवाजाने कानात कळ येते त्याचा दाब २० पास्कलच्या आसपास असतो. दोन टोकांतील दाबाचे प्रमाण १० लाख पटींचे आहे. आणि तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तीव्रतेचे प्रमाण १ लाख कोटी पटींचे होते. एवढी विस्तीर्ण श्रेणी पेलणारे दुसरे ज्ञानेंद्रिय डोळ्याखेरीज आपल्यापाशी नाही.

इतक्या मोठ्या आकड्यांशी रोज व्यवहार करणे गैरसोयीचे असल्यामुळे लघुगणकाचा आश्रय घेण्यात आला. हे काम कानाचा अभ्यास करणाऱ्या वैद्यांनी नव्हे, तर दूरध्वनीच्या अभियंत्यांनी केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. लांबच लांब तारांमधून जाताना संदेश किती क्षीण होतो, हे मोजण्यासाठी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात एक एकक ठरविण्यात आले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ‘बेल’ आणि त्याचा दहावा भाग म्हणून ‘डेसिबेल’ हे नाव त्याला मिळाले. तीव्रता दसपट झाली की १० डेसिबेल वाढतात, शंभरपट झाली की २०, हजारपट झाली की ३०. ऐकू येण्याच्या उंबरठ्याला शून्य मानले, तर शांत शयनगृहात सुमारे ३०, समोरासमोरच्या साध्या संभाषणात सुमारे ६० आणि वेदनेच्या सीमेवर सुमारे १२० डेसिबेल भरतात.

या गणिताचे काही परिणाम सामान्य बुद्धीला चमत्कारिक वाटतात. एक ताशा एखाद्या ठिकाणी ९० डेसिबेल ध्वनी पोहोचवीत असेल, तर तसेच दोन ताशे १८० नव्हे, ९३ डेसिबेल पोहोचवतील. कारण तीव्रता दुप्पट होणे म्हणजे सुमारे ३ डेसिबेलची भर. दहा ताशांनी १०० होतील. मोकळ्या मैदानात ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते आणि सुमारे ६ डेसिबेल कमी होतात. शून्य डेसिबेल म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे. ती केवळ मानलेली आरंभरेषा आहे, आणि एखाद्या तीक्ष्ण कानाला उणे डेसिबेलचा स्वरही ऐकू येऊ शकतो.

कानाचा पक्षपात

डेसिबेल ही तीव्रतेची मोजपट्टी झाली. ती मोठेपणाचीही मोजपट्टी ठरली असती, जर कानाने सर्व कंप्रतांना समान न्याय दिला असता. तसे घडत नाही. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत श्रोत्यांना दोन स्वर आळीपाळीने ऐकविले. एक स्वर नेहमी १,००० हर्ट्झचा, दुसरा वेगवेगळ्या कंप्रतांचा. दोन्ही सारखेच मोठे वाटेपर्यंत त्यांची तीव्रता कमीजास्त केली गेली. त्यातून समान मोठेपणाच्या वक्ररेषा तयार झाल्या. इंग्लंडमध्ये रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी १९५६ साली त्यांची फेरतपासणी केली आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून २००३ साली त्या पुन्हा सुधारण्यात आल्या. आकड्यांत फरक पडला. मूळ आकृती तीच राहिली.

या वक्ररेषा काय सांगतात? १,००० हर्ट्झचा ४० डेसिबेलचा स्वर आणि १०० हर्ट्झचा खर्ज स्वर सारखेच मोठे वाटावयाचे असतील, तर खर्जाला सुमारे ६४ डेसिबेल द्यावे लागतात. उलट ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या परिसरात कान सर्वांत तीक्ष्ण असतो. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला पडद्याने बंद असलेली कर्णनलिका याच परिसरात अनुनाद करते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. तान्ह्या मुलाचे रडणे किंवा शिट्टी गोंगाटातूनही कानावर येते, त्यामागे या तीक्ष्णतेचा मोठा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या वक्ररेषा परस्परांना समांतर नाहीत. आवाज लहान असताना कान खर्जाची जितकी उपेक्षा करतो, तितकी तो मोठा असताना करीत नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रित मैफल अगदी हलक्या आवाजात लावली की तबल्यातील डग्गा हरवल्यासारखा होतो आणि आवाज वाढविला की तो आपल्या जागी परत येतो. वस्तुतः यंत्राने काहीच गाळलेले नसते. गाळलेले असते ते कानाने.

या वक्ररेषांवरून ‘फॉन’ हे एकक आले. एखादा ध्वनी १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबेल स्वराइतका मोठा वाटत असेल, तर त्याची पातळी ४० फॉन, मग त्याची स्वतःची तीव्रता काहीही असो. फॉन कोणता ध्वनी कोणत्या ध्वनीच्या बरोबरीचा आहे ते सांगतो. परंतु एक ध्वनी दुसऱ्याच्या किती पट मोठा आहे, हे त्यावरून कळत नाही.

‘दुप्पट मोठा’ म्हणजे किती?

संवेदना मोजता येते काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाइपझिग येथे ऐरणीवर आला. एर्न्स्ट वेबर यांनी असे दाखविले होते की, उद्दीपकातील जो किमान फरक आपल्याला जाणवतो, तो मूळ उद्दीपकाच्या ठरावीक प्रमाणात असतो. शांत खोलीत टाचणी पडली तरी कळते; बाजारात भांडे पडले तरी कळत नाही. या सूत्राच्या आधारे गुस्टाव फेखनर यांनी १८६० साली असा सिद्धांत मांडला की, संवेदना उद्दीपकाच्या लघुगणकानुसार वाढते. डेसिबेलही लघुगणकीच असल्यामुळे तो संवेदनेचेच माप आहे, असा समज त्यामुळे सहज रूढ झाला.

हा समज तपासून पाहणे सोपे आहे. तो खरा असेल, तर ८० डेसिबेलचा स्वर ४० डेसिबेलच्या स्वराच्या केवळ दुप्पट मोठा वाटला पाहिजे. कोणत्याही श्रोत्याला हे पटणार नाही. हार्वर्ड विद्यापीठातील एस. एस. स्टीव्हन्स यांनी श्रोत्यांनाच विचारण्याचा मार्ग पत्करला. हा आवाज त्या आवाजाच्या किती पट मोठा वाटतो, ते संख्येने सांगा, असे ते म्हणत. उत्तरे व्यक्तीगणिक बरीच वेगवेगळी येत, परंतु त्यांच्या सरासरीत एक नियम दिसून आला : साधारणतः दर १० डेसिबेलला मोठेपणा दुप्पट होतो. म्हणजे ४० पासून ८० पर्यंत चार वेळा दुप्पट, अर्थात सोळापट. याच आधारावर ४० फॉनच्या ध्वनीचा मोठेपणा १ ‘सोन’ मानला जातो. ५० फॉनचा २ सोन, ६० चा ४, ७० चा ८ आणि ८० चा १६ सोन.

फेखनरचा नियम रद्द करावा, असे स्टीव्हन्स यांनी १९६१ साली उघडपणे लिहिले. त्यांच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले. संवेदनेला ‘दुप्पट’ हे विशेषण लावता येते काय, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. व्यवहारापुरता मात्र निष्कर्ष असा निघतो : तीव्रता दसपट, मोठेपणा दुप्पट. एका गायकाच्या जागी तितक्याच ताकदीच्या दहा गायकांचे वृंदगान उभे करावे, तेव्हा कुठे आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

ऊर्जेची वाटणी आणि काळाची मर्यादा

मोठेपणा केवळ एकूण ऊर्जेवर ठरत नाही. ती ऊर्जा कशी वाटली गेली आहे यावरही ठरतो. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत एक पातळ पट्टी असते. उंच स्वर तिच्या आरंभीच्या भागाला आणि खर्ज स्वर दूरच्या टोकाला हलवितात, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखविले आणि त्यासाठी १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोन स्वर परस्परांच्या अगदी निकट असतील, तर ते पट्टीचा एकच भाग वाटून घेतात आणि त्यांचा एकत्रित मोठेपणा फारसा वाढत नाही. ते दूरदूर असतील, तर निरनिराळे भाग एकाच वेळी चेतविले जातात आणि तितक्याच ऊर्जेत आवाज अधिक मोठा वाटतो. ढोल, ताशा आणि झांजा यांचा मेळ कानाला इतका भरून टाकतो, याचे एक कारण असे की, तिघांनी मिळून कंप्रतांचा फार मोठा पट व्यापलेला असतो.

काळाचीही एक मर्यादा आहे. सुमारे एक पंचमांश सेकंदापर्यंत कान ऊर्जेची जणू बेरीज करीत राहतो. त्याहून अल्पकाळ टिकणारा ध्वनी, त्याची तीव्रता तेवढीच असूनही, लहान वाटतो. फटाक्याच्या स्फोटातील दाबाचा शिरोबिंदू सेकंदाच्या काही सहस्रांशांतच ओसरतो. म्हणून तो वाटतो त्याहून कितीतरी अधिक तीव्र असतो. मोठ्या आवाजापासून बचाव करण्यासाठी मध्यकर्णातील एक इवलासा स्नायू आकुंचन पावतो खरा, परंतु त्याला जागे होण्यास सुमारे एक दशांश सेकंद लागतो. तोवर स्फोट होऊन गेलेला असतो.

मापकयंत्र आणि कायदा

ध्वनिपातळी मोजणाऱ्या यंत्रात कानाचा हा पक्षपात काही अंशी उतरविण्याची व्यवस्था असते. तिला ‘ए भारांकन’ म्हणतात. ४० फॉनच्या वक्ररेषेवरून ते बेतलेले आहे. या भारांकनात १,००० हर्ट्झला काहीच वजावट नसते; १२५ हर्ट्झला सुमारे १६ आणि ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबेल वजा केले जातात. भारतात लागू असलेल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा याच ए-डेसिबेलमध्ये आहेत : निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०.

आता एखाद्या वसाहतीत उत्सवाच्या दिवशी ७५ ची नोंद झाली, असे समजू. ५५ च्या जागी ७५, म्हणजे मर्यादा एकतृतीयांशाहून थोडी अधिक ओलांडली, असा युक्तिवाद केला जाणे शक्य आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे. २० डेसिबेलची वाढ म्हणजे हवेत शंभरपट तीव्रता आणि कानात सुमारे चौपट मोठेपणा. डेसिबेलच्या आकड्यांची टक्केवारी काढणे निरर्थक असते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. ए भारांकन लहान आवाजाच्या वक्ररेषेवरून घेतले आहे, पण त्याचा वापर प्रचंड आवाजांसाठीही होतो. ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून निघणारा ६३ हर्ट्झचा १०० डेसिबेलचा खर्ज या यंत्रावर केवळ ७४ म्हणून नोंदविला जातो. एवढ्या मोठ्या पातळीवर कान खर्जाची इतकी वजावट करीत नाही. ऐकणाऱ्याला तो नोंदीपेक्षा बराच मोठा वाटतो. शिवाय खर्जाचे ध्वनी भिंतींतून अधिक सहज आत शिरतात. घरात बसलेला मनुष्य ‘छातीत धडधडते’ म्हणतो आणि यंत्र तुलनेने सौम्य आकडा दाखविते. या विसंगतीत दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते.

तिसरी गोष्ट सरासरीची. या मर्यादा ठरावीक काळातील ऊर्जेच्या सरासरीवर आधारलेल्या आहेत. एका तासात फक्त एक मिनिट ८५ डेसिबेल आवाज झाला आणि उरलेला काळ निःशब्द गेला, तर तासाची सरासरी सुमारे ६७ भरते. मध्यरात्री त्या एका मिनिटाने ज्याची झोप मोडली, त्याला सरासरीचे समाधान वाटण्याचे कारण नाही. स्फोटक ध्वनीला तर सरासरी लावताच येत नाही. म्हणूनच फटाक्यांसाठी स्वतंत्र मर्यादा आहे. स्फोटस्थळापासून ४ मीटरवर ए भारांकनाने क्षणिक पातळी १२५, किंवा सी भारांकनाने शिरोबिंदू १४५ डेसिबेल, याहून अधिक आवाजाच्या फटाक्यांचे उत्पादन व विक्री निषिद्ध आहे.

कानाची साक्ष

मग यंत्र बाजूला ठेवून कानावरच विश्वास का ठेवू नये? कारण स्वतःच्या हानीविषयी कान हा भरवशाचा साक्षीदार नाही. मिरवणुकीत तासभर काढल्यावर आवाज आरंभीइतका मोठा वाटेनासा होतो. आपल्याला सवय झाली, असे माणूस म्हणतो. पुष्कळदा ती सवय नसते, तर थकलेल्या अंतःकर्णाचा उंबरठा वर सरकलेला असतो. नंतर कानात दडे बसल्यासारखे वाटते, शिट्टी वाजत राहते आणि एकदोन दिवसांत सारे पूर्ववत होते. निदान तसे वाटते. २००९ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत मात्र असे आढळले की, उंबरठा पूर्ववत झाल्यानंतरही केशपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे अनेक दुवे कायमचे तुटलेले होते. मनुष्यासह सर्व सस्तन प्राण्यांत नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्था दिवसाला ८ तासांसाठी ८५ ए-डेसिबेल ही मर्यादा सुचविते आणि दर ३ डेसिबेलला हा कालावधी निम्मा करते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० ला केवळ १५ मिनिटे. येथे प्रश्न आवाज किती मोठा वाटतो हा नसून किती ऊर्जा कानात शिरली हा आहे.

अंतःकर्णाची हानी झालेल्या माणसाचे वागणे घरच्यांना अनेकदा विचित्र वाटते. आजोबा म्हणतात, ‘जरा मोठ्याने बोल.’ नातू आवाज वाढवतो, तोच ते त्रासून म्हणतात, ‘ओरडतोस कशाला?’ हा वृद्धाचा लहरीपणा नव्हे. अंतःकर्णातील बाह्य केशपेशी लहान ध्वनी वाढवून देण्याचे काम करतात. मोठ्या ध्वनींना त्यांची मदत फारशी लागत नाही. या पेशी गेल्या की लहान आवाज लुप्त होतात, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे राहतात. ऐकू न येणे आणि असह्य होणे या दोन टोकांतील अंतर आखडते आणि मोठेपणा त्या अरुंद पट्ट्यात झपाट्याने चढतो. म्हणूनच चांगले श्रवणयंत्र सर्व आवाज सरसकट वाढवीत नाही. लहान आवाज अधिक आणि मोठे आवाज कमी वाढविते. अशा माणसाशी जवळ जाऊन, समोर तोंड करून, सावकाश व स्पष्ट बोलणे हे ओरडण्यापेक्षा नेहमीच अधिक उपयुक्त असते.

अखेर भाषेकडे वळू. कुजबुज, हाक, आरोळी हे शब्द कानाशी पोहोचलेल्या डेसिबेलची नावे नाहीत. ती बोलणाऱ्याच्या प्रयत्नाची नावे आहेत. शेताच्या पलीकडून आलेली आरोळी क्षीण ऐकू आली तरी आपण तिला कुजबुज म्हणत नाही. अंतर, प्रयत्न आणि प्रसंग यांचा हिशेब मन आपोआप करते. यंत्राला ते जमत नाही, आणि मनाला ऊर्जेची बेरीज जमत नाही. त्रास किती झाला, हे सांगण्याचा अधिकार श्रोत्याचा आहे; इजा किती होईल, हे सांगण्याचा अधिकार मापकाचा. ध्वनीविषयीच्या सार्वजनिक वादांत या दोन साक्षी परस्परविरोधी समजल्या जातात. वास्तविक त्या दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि न्याय्य निर्णयासाठी दोन्ही ऐकून घ्याव्या लागतात.